पॉडकास्टच्या भागासाठी ऑनलाइन रिसर्च कसा मांडून ठेवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माइक कोणता घ्यावा, या प्रश्नाच्या खालोखाल आम्हाला सगळ्यांत जास्त विचारणा होते ती रिसर्चबद्दल. शोधायचं कसं हे बहुतेकांना जमतं. शोधलेलं ठेवायचं कुठे आणि ऐन वेळी सापडायचं कसं, इथे घोळ होतो. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली आहेत. उदाहरणासाठी बऱ्याच ठिकाणी एकच भाग धरला आहे: ‘पॉडकास्ट हा शब्द आला कुठून?’

१. दहा-बारा लेख वाचले, विषय समजला. एवढ्यावर भाग करता येत नाही का?

नुसत्या गप्पांचा भाग असेल तर खुशाल करा. माहितीचा असेल तर अडचण तिसऱ्या दिवशी सुरू होते. वाचलेलं डोक्यात राहतं, कुठे वाचलं ते राहत नाही. स्क्रिप्ट लिहिताना ‘बहुतेक २००४ होतं’ असं आठवतं आणि त्या ‘बहुतेक’पायी तेच दहा-बारा लेख पुन्हा उघडावे लागतात. ऐकणाऱ्याला तर तुमच्या वाक्यावर बोट ठेवून काही तपासता येत नाही, तो तुमच्या शब्दावर विसंबलेला असतो.

म्हणून आमचा एक नियम आहे: माहिती आणि तिचा पत्ता एकाच वेळी, एकाच जागी लिहायचा. ‘पत्ता नंतर टाकू’ म्हटलं की तो कायमचा राहतो. खालची बरीचशी उत्तरं या नियमाचेच फाटे आहेत.

२. सुरुवात कुठून करू? विषय टाकला की लाखो रिझल्ट येतात.

गूगल उघडण्याआधी कोऱ्या पानावर तीन ओळी लिहा. भाग ऐकून माणसाला काय कळायला हवं, मला आत्ता काय माहीत आहे असं वाटतं, आणि कुठे अडतंय. यातली मधली ओळ कुणी लिहीत नाही आणि खरी कामाची तीच. आमच्या उदाहरणात त्या ओळीत होतं, ‘हे नाव ॲपलनं दिलं.’ आयपॉड २००१ साली आला, शब्दात ‘पॉड’ आहे, म्हणून तसं वाटत होतं. ते चूक निघालं. लिहून ठेवलं होतं म्हणून तपासलं गेलं, मनातच राहिलं असतं तर थेट माइकवर गेलं असतं.

त्यावरून पाच ते आठ प्रश्न काढा आणि फाइलच्या माथ्यावर लिहा. प्रत्येक नोंद त्यातल्या एका प्रश्नाखाली जाईल. कुठेच बसत नाही पण सोडवतही नाही, अशा गोष्टी तळाशी ‘उरलंसुरलं’मध्ये टाका. गंमत म्हणजे भागाची पहिली दोन मिनिटं अनेकदा तिथेच सापडतात.

३. लिंक ब्राउझरमध्ये बुकमार्क केल्या तर चालतं ना?

दोन दिवस चालतं. बुकमार्कमध्ये पानाचं नाव उरतं, पण आपण ते का ठेवलं होतं हे उरत नाही. पन्नास उघडे टॅब आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेल्या लिंक ही त्याचीच भावंडं.

‘नंतर वाचू’ छापाच्या ॲपवर सगळी मदार ठेवणंही धोक्याचं आहे. संकेतस्थळांवरचं नवं लिखाण एका जागी वाचायची गूगल रीडर ही सोय जुलै २०१३ मध्ये बंद झाली आणि ‘नंतर वाचू’वालं पॉकेट जुलै २०२५ मध्ये. दोन्ही वेळा लोकांना आपापला साठा काढून घेण्याची धावपळ करावी लागली. अशी ॲप दाराशी ठेवलेल्या टोपलीसारखी वापरा. येता-जाता त्यात टाका, पण आठवड्यातून एकदा टोपली रिकामी करून कामाचं तेवढं नोंदीत उतरवा (प्रश्न ५).

४. मग कोणतं ॲप वापरू?

जे तुम्ही आधीपासून रोज उघडता ते. एकट्यानं काम करणाऱ्याला गूगल डॉक्सची एक फाइल पुरते. ऑब्सिडियनमध्ये नोंदी आपल्याच कॉम्प्युटरवर साध्या मजकुराच्या फाइलींत राहतात, उद्या ॲप गेलं तरी त्या उघडतात. शोधनिबंध आणि पुस्तकं जास्त वाचायची असतील तर झोटेरो घ्या. जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ साली सुरू झालेलं हे मोफत सॉफ्टवेअर ब्राउझरमधलं बटण दाबताच लेखकाचं नाव, शीर्षक आणि तारीख उचलतं, वर पानाची प्रतही ठेवतं.

नवं ॲप सजवण्यात गेलेली संध्याकाळ रिसर्चमध्ये धरायची नाही. हे मी स्वतःलाही सांगत असतो.

५. एका नोंदीत नेमकं काय काय लिहायचं?

आमच्या फाइलमधली एक नोंद जशी आहे तशी देतो:

*नोंद १४ (भागाच्या प्रश्नयादीतल्या प्रश्न २ खाली)*
*विधान: ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द फेब्रुवारी २००४ मध्ये ‘द गार्डियन’मधल्या लेखात आला.*
*कोण: बेन हॅमर्सली, पत्रकार. लेख १२ फेब्रुवारी २००४.*
*मूळ मजकूर: (ते वाक्य इंग्रजीत, जसंच्या तसं चिकटवलेलं)*
*लिंक: मूळ पान + वेबॅकची प्रत*
*पाहिलं: स्वतः, पूर्ण लेख*
*शंका: ‘पहिल्यांदा’ म्हणू नये. ‘सापडलेला सगळ्यांत जुना छापील उल्लेख’ म्हणावं.*
*माझं: त्यानं नाव ठेवलंच नव्हतं, तीन नावं सुचवून प्रश्न केला होता!*

(वेबॅक म्हणजे काय ते प्रश्न ७ मध्ये.) शेवटच्या तीन ओळी बहुतेक लोक गाळतात. ‘पाहिलं’मध्ये मी मूळ वाचलं की दुसऱ्यानं सांगितलेलं घेतलं, हे कळतं. ‘शंका’ ही ओळ स्क्रिप्ट लिहिताना जीभ आवरते. आणि ‘माझं’ ही ओळ वेगळी ठेवली नाही तर महिन्याभरानं स्वतःचीच टिप्पणी लेखकाचं मत म्हणून वाचली जाते. आमच्याकडे एकदा तसं झालं आहे.

मूळ लेख उघडण्याचा फायदाही या नोंदीत दिसतो. दुय्यम लेखांत ‘हॅमर्सलीनं हा शब्द घडवला’ एवढंच असतं. मूळ लेखात मात्र तो या नव्या प्रकाराला म्हणावं काय असं विचारतो आणि ‘ऑडिओब्लॉगिंग’, ‘पॉडकास्टिंग’, ‘गेरिला मीडिया’ अशी तीन नावं जाता जाता टाकतो. जगानं त्यातलं मधलं उचललं. न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीनं २००५ साली ‘पॉडकास्ट’ला वर्षाचा शब्द ठरवलं. भाग उभा राहिला तो या प्रश्नचिन्हावर.

एका नोंदीत एकच विधान. दोन घातली की स्क्रिप्टमध्ये एक वापरलं जातं आणि दुसरं हरवतं.

६. फाइलींना नावं काय द्यावीत?

तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमानं आधी, मग भागाचं नाव, मग स्रोत. उदाहरणार्थ ‘२००४-०२-१२_पॉडकास्ट-शब्द_गार्डियन’. असं लिहिलं की फाइली आपोआप तारखेनं लागतात. तारीख स्रोताची, डाउनलोड केल्याची नव्हे. ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘खरंच फायनल’ यांवर सर्वांनी हसून झालं आहे, तरी ती निघतातच.

७. सहा महिन्यांनी लिंक उघडलीच नाही तर?

उघडणार नाही असं धरूनच चाला. प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. विकिपीडियाच्या ५४ टक्के पानांवर संदर्भांत निदान एक मेलेली लिंक होती.

एका जुन्या भागातल्या आकड्याबद्दल एका श्रोत्यानं आम्हाला विचारलं होतं, ‘हे कुठून घेतलंत?’ नोंद होती, लिंक होती, पान मात्र गायब. मूळ मजकूर चिकटवलेला नव्हता आणि पानाची प्रतही कुठे नव्हती. ‘आता दाखवता येत नाही’ असं कळवावं लागलं. तेव्हापासून लिंक नोंदीत टाकण्याआधी वेबॅक मशीनवर पान जतन करणं ठरून गेलं. संकेतस्थळांच्या जुन्या प्रती साठवणारं इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन २००१ पासून सगळ्यांना खुलं आहे. ‘सेव्ह पेज नाऊ’च्या चौकटीत पत्ता टाकायचा, थोडं थांबायचं, आणि मिळालेली दुसरी लिंकही नोंदीत लिहायची. त्या लिंकमध्येच चौदा आकडी तारीख-वेळ असते, त्यामुळे पान कोणत्या क्षणीचं आहे हे वेगळं लिहावं लागत नाही. बातमीचा मजकूर कधीकधी गुपचूप बदलला जातो, तिथे या जुन्या प्रती ताडून पाहता येतात.

लॉगिनमागचं पान असं जतन होत नाही. त्याची पीडीएफ आपल्यापाशी ठेवा. गूगलच्या ‘कॅश्ड’ प्रतीवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी: ती सोय २०२४ साली काढून टाकली गेली.

जाता जाता, लिंक साठवण्याआधी तिचं शेपूट कापा. प्रश्नचिन्हानंतर ‘यूटीएम’नं सुरू होणारं लांबलचक जे असतं ते फक्त तुम्ही कुठून आलात हे मोजण्यासाठी असतं. शोधनिबंधाची डीओआय लिंक मिळत असेल तर तीच घ्या. पत्ता बदलला तरी ती योग्य जागी नेऊन सोडावी याच कामासाठी ती असते.

८. कसंही शोधलं तरी तीच पहिली दहा पानं येतात. खोलात कसं जायचं?

नेमका शब्दप्रयोग अवतरणचिन्हांत टाका. नको असलेल्या शब्दाआधी मोकळी जागा न सोडता वजाचं चिन्ह द्या. इंग्रजीत ‘साइट’, त्याला लागून कोलन आणि संकेतस्थळाचा पत्ता दिला की शोध तेवढ्याच ठिकाणी होतो. ‘फाइलटाइप’, कोलन, पीडीएफ दिलं की अहवाल वर येतात. ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ला वर्ष जोडून काळ आवळता येतो, फक्त पानाची तारीख गूगल पुष्कळदा अंदाजानं धरतं, ती पानावर जाऊन पाहा.

याहून मोठी युक्ती अशी की चांगला लेख सापडला की त्याच्या तळाची संदर्भयादी चाळायची. गूगल स्कॉलरवर उलट दिशेनंही जाता येतं. ‘साइटेड बाय’ दाबलं की त्या निबंधाचा आधार पुढे कुणी घेतला ते दिसतं.

मराठीत शोधताना ऱ्हस्व-दीर्घ बदलून दोन-तीनदा शोधा, लोक नावं वाटेल तशी लिहितात. युनिकोडपूर्वीच्या फाँटमधली जुनी मराठी पानं आणि पीडीएफ शोधात येतच नाहीत. ‘मराठीत यावर काहीच नाही’ असं माइकवर म्हणण्याआधी हे आठवावं.

९. विकिपीडिया वापरावा का?

वापरावा, नकाशासारखा. विषयाचा आवाका, नावं, वर्षं, वादाचे मुद्दे तिथे पटकन कळतात. स्रोत म्हणून मात्र तळाच्या संदर्भातला मूळ लेख उघडायचा आणि नोंद त्याची करायची.

२००८ साली एका विद्यार्थ्यानं कोआटी या प्राण्याच्या विकिपीडिया पानावर ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असं टोपणनाव गमतीत घातलं. ते तिथे वर्षानुवर्षं राहिलं, वृत्तपत्रांत गेलं, पुस्तकातही गेलं. पुढे त्याच छापील मजकुराचे दाखले देऊन विकिपीडियावरचं टोपणनाव खरं ठरवलं गेलं. साप स्वतःचीच शेपटी गिळतो तसं.

१०. एकच गोष्ट दहा ठिकाणी दिसली तर ती खरीच असणार ना?

दहाही जणांनी एकाच विहिरीतून पाणी काढलं असेल तर तो एकच स्रोत. मोजायचं ते स्वतंत्र मुळांना.

पालकाचं उदाहरण पाहा. एकोणिसाव्या शतकात दशांशचिन्ह चुकल्यामुळे पालकातलं लोह दहापट मोजलं गेलं आणि तो गैरसमज पसरला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ‘तथ्यं तपासा’ असं बजावणारी मंडळीच ती फार आवडीनं सांगतात. ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या १९८१ सालच्या एका लेखामुळे ती खूप पसरली, आणि त्या लेखात तिला संदर्भच नव्हता. २०१० साली संशोधक माइक सटन यांनी माग काढला तेव्हा दशांशचिन्हाच्या चुकीला पुरावा सापडला नाही. ओले बियर्न रेक्दाल यांनी २०१४ साली, ही कथा विद्वानांच्या लिखाणात एकाकडून दुसऱ्याकडे कशी सरकत गेली, यावर निबंधच लिहिला. म्हणजे गैरसमजाबद्दलची कथा हाच गैरसमज.

आमची पद्धत: विधानाच्या मागे मागे जायचं. प्रत्येक पायरीला विचारायचं, ‘याला कुणी सांगितलं?’ साखळी हवेत संपली तर नोंदीवर लाल खूण, आणि भागात ‘असं सांगितलं जातं’ एवढंच. अनोळखी संकेतस्थळ विश्वासाचं आहे का हे त्याच्याच ‘आमच्याविषयी’ पानावरून ठरवू नका, दुसऱ्या टॅबमध्ये इतर त्याच्याबद्दल काय म्हणतात ते पाहा. पट्टीचे फॅक्टचेकर असंच करतात.

११. दोन चांगले स्रोत वेगवेगळी तारीख देतात. कोणाचं घेऊ?

आधी ते खरंच एकमेकांविरुद्ध आहेत का ते पाहा. न्यूटनचा जन्म काही ठिकाणी २५ डिसेंबर १६४२ आणि काही ठिकाणी ४ जानेवारी १६४३ दिसतो. दोन्ही बरोबर आहेत, पहिली जुन्या ज्युलियन पंचांगानुसार आणि दुसरी ग्रेगोरियननुसार. रशियाची ‘ऑक्टोबर’ क्रांती नोव्हेंबरात येते तीही यामुळेच. आकड्यांतही हेच होतं: एकानं वर्षअखेरचा धरलेला असतो, दुसऱ्यानं सरासरी.

खराच मतभेद असेल तर दोन्ही नोंदी एकमेकांशेजारी ठेवा, एक पुसू नका. भागात तो मतभेद सांगून टाका. अर्धं मिनिट जातं आणि ऐकणाऱ्याचा विश्वास वाढतो. पण प्रत्येक तारखेला असा खुलासा जोडू नका, कथा दम टाकते.

१२. थोरामोठ्यांचं एखादं वाक्य घ्यायचं असेल तर?

ते कोणत्या भाषणात, पत्रात किंवा पुस्तकात आहे हे सापडलं तरच. चित्रावर छापलेलं, खाली नुसतं नाव असलेलं वाक्य सोडून द्या. संगीतकार मोरीस जार २००९ साली वारले तेव्हा डब्लिनच्या एका विद्यार्थ्यानं त्यांच्या तोंडी मनानं रचलेलं वाक्य विकिपीडियावर टाकलं. संदर्भ नाही म्हणून संपादकांनी ते काढून टाकलं, तोवर ते अनेक देशांच्या वृत्तपत्रांतल्या मृत्युलेखांत पोचलं होतं.

परभाषेतलं वाक्य मराठीत सांगताना ते भाषांतर आहे हे आवाजातून कळू द्या. ‘ते म्हणाले, अशा अर्थाचं की…’ एवढं पुरतं. मूळ वाक्य नोंदीत असायलाच हवं (प्रश्न ५).

१३. एआयकडून सगळा रिसर्च करून घेतला तर?

विचारायला हरकत नाही, मानायला आहे. शोधायला शब्द सुचवणं, लांब अहवालातला विषय कुठल्या पानावर आहे ते सांगणं, माझ्या प्रश्नयादीत काय राहिलं ते दाखवणं, यासाठी मी वापरतो. तथ्य आणि संदर्भ मात्र उघडून पाहिल्याशिवाय नोंदीत घेत नाही. २०२३ साली न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले दाखल्यादाखल दिले आणि ५,००० डॉलरचा दंड ओढवून घेतला. त्या खटल्यांची नावं अगदी खऱ्यासारखी होती, हीच खरी पंचाईत. नोंदीच्या ‘पाहिलं’ ओळीत ‘एआयनं सांगितलं’ हे उत्तर आमच्याकडे चालत नाही.

१४. मुलाखतीच्या भागाचा रिसर्च वेगळा असतो का?

असतो. पाहुण्यानं आधी दिलेल्या तीन-चार मुलाखती ऐका आणि दोन याद्या करा: प्रत्येक जण विचारतो ते प्रश्न, आणि पाहुणा अर्धवट बोलून पुढे सरकला त्या जागा. पहिली यादी टाळायची, दुसरीत तुमची मुलाखत आहे. जागा लिहिताना मिनिट-सेकंद लिहा, नाहीतर दीड तासाचं रेकॉर्डिंग पुन्हा चाळावं लागेल. आपोआप तयार होणारी उपशीर्षकं शोधायला छान, उद्धृत करायला नाहीत. ती नावं आणि ‘नाही’ दोन्ही गिळतात. शब्द कानांनी ऐकूनच उतरवा.

१५. वाचन इंग्रजीत, बोलणं मराठीत. यात काय सांभाळायचं?

दोन गोष्टी. एक, नावं. प्रत्येक अनोळखी नाव नोंदीतच देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहा. आधी त्या माणसाची मुलाखत शोधा, बहुतेक जण सुरुवातीला स्वतःचं नाव सांगतात. दोन, आकडे. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. हे सगळ्यांना येतं आणि रात्री अकरा वाजता सगळे चुकतात. नोंदीत मूळ आकडा आणि मराठी आकडा दोन्ही लिहा.

१६. रिसर्च संपला हे कसं ओळखायचं?

सलग तीन नव्या स्रोतांनी नवी नोंद दिली नाही की थांबा. किंवा माथ्यावरच्या प्रत्येक प्रश्नाखाली (प्रश्न २) दोन भरवशाच्या नोंदी जमल्या की. किंवा तारीख आली की. पुष्कळदा तिसरंच होतं.

१७. नोंदींवरून स्क्रिप्ट कशी करू? सगळं कोंबलं जातं.

आधी फाइल बंद करा आणि कुणाला तरी तो विषय दहा मिनिटं तोंडी सांगा. जे आपसूक आठवलं तो सांगाडा. मग फाइल उघडून नोंदी त्यावर चढवा. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक तथ्यानंतर चौकटी कंसात नोंदीचा क्रमांक ठेवा, आमच्याकडे [१४] असा. वाचताना तो डोळ्यांना खुपत नाही आणि शंका आली तर क्षणात मूळ सापडतं.

मी मिनिटाला साधारण ११० मराठी शब्द बोलतो, म्हणजे वीस मिनिटांना २,२०० शब्द. साठ नोंदी जमल्या तर निम्म्या बाहेर राहतात, आणि राहू द्याव्यात. कानाला एका दमात एकच आकडा झेपतो. ‘३८ टक्के’ ठीक, पण जोडीला चार टक्केवाऱ्या आल्या की ऐकणारा भांडी घासायला लागतो. तो बहुतेक आधीपासून तेच करत असतो म्हणा.

१८. आम्ही तिघं मिळून रिसर्च करतो. गोंधळ कसा टाळावा?

फाइल एक, नोंदीचा नमुना एक, प्रश्न वाटून घेतलेले. नोंद करणाऱ्यानं आद्याक्षर टाकायचं आणि तपासणारा दुसरा हवा. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही.

१९. स्रोत ऐकणाऱ्यांना द्यायचे का?

मुख्य पाच-सहा द्या, भागाच्या वर्णनात, येतात त्या क्रमानं. पॉडकास्ट ॲपमध्ये वर्णनाची मांडणी कुठे कशी दिसेल याचा भरवसा नसतो, तेव्हा साध्या ओळी बऱ्या. बोलताना एखाद्या गोष्टीचा डोलारा एकाच स्रोतावर उभा असेल तर त्याचं नाव आवाजातच घ्या, वर्णन फार थोडे जण उघडतात.

२०. लेखातला उतारा वाचून दाखवला किंवा कुणाची क्लिप लावली तर कॉपीराइटचं काय?

तथ्यांवर कुणाची मालकी नसते, ती मांडण्याच्या शब्दांवर असते. म्हणून नोंदीत मूळ मजकूर आणि तुमचे शब्द वेगळे ठेवणं इथेही कामाला येतं. ‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ असा सरसकट नियम कुठेही नाही. टीका किंवा समीक्षेसाठी छोटा भाग वापरण्याची मुभा देशोदेशी वेगळी आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सची (मालकानं काही अटींवर वापरायला खुली ठेवलेली) ध्वनिफीत घेतली तर परवान्याचा प्रकार नोंदीत लिहा. ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापर नाही, ‘एनडी’ असेल तर बदल करून वापरता येत नाही.

२१. भाग प्रसिद्ध झाल्यावर चूक सापडली. आता?

चूक बारीक असेल तर वर्णनात दुरुस्ती लिहा. अर्थ बदलत असेल तर ध्वनिफीत बदला, पण तोच भाग संपादित करून. नवा भाग म्हणून टाकलात तर सगळ्यांना तो दुसऱ्यांदा जाईल. ज्यांनी आधीच डाउनलोड केलाय त्यांच्याकडे जुनाच राहतो, म्हणून पुढच्या भागाच्या सुरुवातीला दोन वाक्यांत सांगा. लांबी बदलली असेल तर भागातल्या प्रकरणांच्या (चॅप्टर्सच्या) वेळाही सुधारा.

माझ्याकडून एकदा वर्ष चुकलं. नोंदीत बरोबर होतं, स्क्रिप्टमध्ये उतरवताना घसरलं. एक वाक्य पुन्हा रेकॉर्ड करायला बसलो तर मला सणसणीत सर्दी. त्या भागात अकराव्या मिनिटाला सहा सेकंद दुसराच कुणी माणूस बोलतो.

२२. सोशल मीडियावरची पोस्ट आधार म्हणून घेतली आणि ती नंतर डिलीट झाली. वापरता येईल का?

कोणाची, यावर आहे. सार्वजनिक पदावरच्या माणसाचं पदाच्या कामाबद्दलचं विधान असेल आणि त्याची जतन केलेली प्रत असेल (प्रश्न ७), तर ‘नंतर काढून टाकलेल्या पोस्टमध्ये’ असं म्हणून वापरा. नुसता स्क्रीनशॉट असेल तर नको, तो कुणालाही बनवता येतो. सर्वसामान्य माणसानं पोस्ट काढली असेल तर ती सोडून द्या. त्यानं शब्द मागे घेतले आहेत, आपण ते हजारो कानांत घालायचं कारण नाही. बंद गटातलं लिखाण परवानगीशिवाय नाही, नाव न घेताही नाही. तिथली माणसं एकमेकांना वाक्यावरून ओळखतात.

२३. जुन्या भागाचा रिसर्च नव्या भागात वापरता येतो?

येतो, आणि नोंदी नीट ठेवण्याचा खरा नफा तिथेच मिळतो. ‘सध्या’, ‘सर्वांत मोठा’, ‘अजूनही’ असे शब्द असलेली प्रत्येक नोंद पुन्हा तपासा, ती सगळ्यांत आधी शिळी होते. आम्ही नोंदीत ‘शेवटचं तपासलं’ अशी तारीख ठेवतो आणि वर्ष उलटलेल्या नोंदी राखाडी करतो. हॅमर्सलीची नोंद १४ आतापर्यंत तीन भागांत फिरली आहे. प्रत्येक वेळी लिंक उघडून पाहिली, आणि ‘शंका’ची ओळ अजून तशीच आहे.